सुतासारखी सरळ

वाकड्यात शिरणारा एखादा माणूस वठणीवर आला की आपण म्हणतो, "आता कसा सुतासारखा सरळ झाला!" वाक्प्रचार रोजच्या तोंडातला आहे, पण त्यातले सूत कोणते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मी सुताराच्या घरात जन्मलो. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे चरख्यावरचे सूत न येता वडिलांच्या हातातले गेरूत भिजवलेले सूत येते. फळीच्या दोन टोकांना दोरी ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि अलगद सोडून द्यायची. लाकडावर लाल रेघ उमटे आणि त्या रेघेबरहुकूम करवत चाले. दोरी स्वभावाने सरळ नसते. खुंटीला टांगली की ती लोंबते, जमिनीवर टाकली की वेटोळे घेते. ती सरळ होते ती दोन्ही टोकांना कुणीतरी ताणून धरल्यामुळे.

वडिलांच्या पेटीत आणखी तीन वस्तू असत: उभ्यासाठी ओळंबा, आडव्यासाठी पाणसळ आणि काटकोनासाठी गुण्या. आमोस संदेष्ट्याला दृष्टान्तात प्रभू ओळंबा हाती घेऊन भिंतीपाशी उभा असलेला दिसला, हे सेमिनरीत शिकताना मला फारसे नवल वाटले नव्हते. ओळंबा माझ्या ओळखीचा होता. नवल वाटले ते लॅटिनच्या तासाला. 'नॉर्मा' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ सुताराचा गुण्या! आपण ज्याला 'नॉर्मल' म्हणतो, तो शब्द मुळात गुण्याला लावून पाहिलेल्या वस्तूचा. भूमितीत लंबरेषेला आजही 'नॉर्मल' म्हणतात, हे शाळेत आपण पाठ केलेले असते. मात्र त्यामागे सुताराची पेटी उघडी पडली आहे, हे कुणी सांगत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण एक तार आहे. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, वालीव आणि सातिवलीच्या बाजूला, लहानमोठ्या कारखान्यांची दाट वस्ती आहे. आपल्या पश्चिमेच्या वाड्यांतली केळी, भाजीपाला आणि फुले यांवर वाढलेली पुष्कळ मुले आज तिथे काम करतात. माझ्या पुतण्याचा त्याच भागात एक गाळा आहे. गाळ्यात एक जुने वायरकट मशीन आहे, जपानमध्ये घडलेले, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हाती येत त्याच्याकडे पोहोचलेले. मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी आणि सभा यांतून सवड झाली की मी तिथे जाऊन बसतो. आशीर्वाद द्यायला म्हणून एकदा गेलो होतो. नंतर पाहण्याच्या ओढीने जात राहिलो.

वाचकांपैकी ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळेची एक तार, जाडी सहसा पाव मिलिमीटर, रिळावरून उलगडत वरून खाली येते आणि खाली एका डब्यात जाऊन पडते. सुतारकामात आजही 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग. अशा एका सुतात या बारा तारा शेजारी शेजारी मावतील. वर एक आणि खाली एक अशा हिऱ्याच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे गाइडमधून, ती जाते. मधे कडक केलेल्या पोलादाचा ठोकळा असतो आणि सभोवती क्षार काढून टाकलेले पाणी खेळते. तार पोलादाला शिवत नाही. दोहोंमध्ये केसाहूनही कमी अंतर राहते आणि त्या अंतरात सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक सूक्ष्म कण वितळवते आणि पाणी तो वाहून नेते. करवतीला न जुमानणारे पोलाद अशा रीतीने, कुणी जोर न लावता, हवे तसे कापले जाते. तारही झिजते, म्हणून एकदा वापरलेली तार पुन्हा वापरीत नाहीत.

ठिणगीने धातू खरवडला जातो, हे जोसेफ प्रीस्टली यांनी १७६० च्या दशकातच नोंदवून ठेवले होते. हे गृहस्थ शास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय एका ख्रिस्ती मंडळीचे पाळकही होते. ही माहिती मिळाली तेव्हा मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखे झाले. पण त्या खरवडण्याला कामाला जुंपले ते रशियातील बोरिस आणि नतालिया लाझारेन्को या पतिपत्नींनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विजेच्या उपकरणांतील टंगस्टनचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजतात ते कसे थांबवावे, याचा ती दोघे अभ्यास करीत होती. झीज थांबेना. तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी विचाराची दिशाच बदलली: जी झीज टाळता येत नाही ती आवरून धरली, तर तिच्याकडून काम करून घेता येईल. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस तारेने कापणारी यंत्रे आली आणि साचे बनवणाऱ्यांचे जग बदलून गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या यंत्राचा सारा भरवसा तार सरळ उभी असण्यावर आहे. ताण योग्य असला की तार सरळ राहते खरी, पण सरळ असणे आणि काटकोनात उभे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचे गाइड जागच्या जागी असते. वरचे गाइड मात्र पुढेमागे आणि डावीउजवीकडे सरकवता येते, कारण कधी कधी मुद्दाम तिरके कापायचे असते. त्या दोन हालचालींना यू आणि व्ही अशी नावे आहेत. वरचे गाइड बरोबर खालच्याच्या माथ्यावर आले की तार उभी. आजची नवी यंत्रे हे काम पुष्कळसे आपोआप करतात. जुन्या यंत्राला ते माणसाने करून द्यावे लागते.

पुतण्याच्या गाळ्यात हे काम मामा करीत. मूळचे साताऱ्याकडचे, मुंबईतल्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेले, साठीच्या जवळ आलेले. मालकासकट सारे त्यांना मामाच म्हणतात. त्यांचा तो विधी मी कितीतरी वेळा पाहिला आहे. 'विधी' हा शब्द मी जाणून वापरतो, कारण त्यात क्रम होता आणि क्रमात ढिलाई नव्हती. आधी टेबलाच्या पट्ट्या पुसायच्या. वर्षानुवर्षे काम करताना तारेने या पट्ट्यांवर जागोजाग चरे पाडलेले असतात, आणि चऱ्याच्या काठावर उठलेला खवला बोटाला लागत नसला तरी ठोकळ्याला लागतो. म्हणून त्यावरून ऑइलस्टोन हलक्या हाताने फिरवायचा. मग दोन्ही गाइड साफ करायची, नवी तार ओवायची, कामाच्या वेळी जेवढा ताण देतात तेवढाच द्यायचा आणि तार थोडा वेळ तशीच चालू द्यायची. वरचे डोके ज्या उंचीवर काम करणार त्याच उंचीवर आणायचे. "जुनं मशीन आहे, फादर. वर नेलं की जरा कलतं. जिथं काम करायचं तिथंच बघावं," मामा सांगत.

त्यानंतर फडक्यातून तो ठोकळा बाहेर येई: कडक पोलादाचा, सर्व अंगांनी घासून काटकोनात आणलेला. तो टेबलावर ठेवायचा आणि पाण्याचा एक थेंबही राहू नये असा कोरडा करायचा. थेंब मधे आला की वीज त्यातूनच वाट काढते आणि आपली फसगत होते. मग वीज अगदी मंद ठेवून, पाणी बंद करून, तार ठोकळ्याच्या अंगाशी हळूहळू आणायची. गाळ्यातला दिवा मालवला जाई. अंधारात निळसर ठिणग्यांची एक रेघ उजळे. ती रेघ वरपासून खालपर्यंत एकसारखी असली, तर तार ठोकळ्याला समांतर आहे. ठिणगी फक्त वरच उडाली, तर तारेचा वरचा भाग ठोकळ्याकडे झुकलेला आहे. मग तार मागे घ्यायची, यू किंचित बाहेर सरकवायचा आणि पुन्हा जवळ यायचे. ती बाजू जमली की ठोकळ्याच्या शेजारच्या अंगाला व्ही पाहायचा. तोही जमला की पुन्हा पहिल्या बाजूला येऊन खात्री करायची, कारण एकाला हात लावला की दुसराही थोडा हलतो. मगच यू आणि व्ही शून्यावर लावायचे आणि त्या जागेला 'सरळ' हे नाव द्यायचे.

मला त्या प्रकारात एक मोठी गंमत वाटे. तार सरळ उभी म्हणजे पृथ्वीच्या संदर्भात उभी नव्हे. ओळंबा पृथ्वीला विचारून उभा राहतो. ही तार टेबलाला विचारून उभी राहते. टेबल जरासे कलते असले तरी चालेल, पण तार टेबलाशी काटकोनात हवी, कारण कापायची वस्तू टेबलावरच बसणार. "सरळ आहे का?" हा प्रश्न त्या गाळ्यात कुणी विचारीत नाही. तिथे विचारतात, "कशाला सरळ आहे?"

गेल्या पावसाळ्यानंतर त्या गाळ्यात एक अडचण उभी राहिली. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे तुकडे पाडण्यासाठी केलेला एक डाय ग्राहकाकडून परत आला. तुकड्यांच्या एकाच बाजूला बर येत होती, म्हणजे धारदार कंगोरा. पंच आणि डाय यांत चारही बाजूंनी सारखी फट असावी लागते. इतक्या पातळ पत्र्याला ती एका बाजूला सुमारे ०.०२५ मिलिमीटर. पुतण्याने पंच मायक्रोमीटरने मोजला: वर, मध्ये, खाली. तिन्ही ठिकाणी माप अगदी एक. मामांनीही मोजला. माप बरोबर, म्हणून दोष ग्राहकाच्या प्रेसचा, असे ठरले. पंधरा दिवसांनी दुसरा डाय परत आला. तेव्हा मात्र पुतण्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बँकेचा हप्ता, चार कामगारांचे पगार आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक जाण्याची भीती, हे सारे त्या एका कंगोऱ्यावर येऊन ठेपले. "फादरकाका, माप चुकलं असतं तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला. "माप बरोबर आहे, म्हणूनच कळत नाही."

त्याचे म्हणणे मला तेव्हा कळले नाही. नंतर मामांनीच ते उलगडून दाखवले. तार सैल असेल तर ती मध्ये फुगते आणि तुकड्याचे मधले माप बदलते. मायक्रोमीटर ते पकडतो. पण तार ताठ असून कललेली असेल, तर पंचाच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने, सारख्याच कलतात. दोहोंमधले अंतर कुठेही मोजा, बदलत नाही. पंच जाडीला चोख आणि उभे राहण्याला तिरका. दोन गाइडमध्ये १२० मिलिमीटर अंतर असेल आणि वरचे गाइड केवळ ०.०४ मिलिमीटर बाजूला असेल, तर ६० मिलिमीटर उंचीच्या पंचाचे टोक ०.०२ मिलिमीटर सरकते. म्हणजे एका बाजूची फट जवळजवळ संपली आणि दुसऱ्या बाजूची दुप्पट होत आली. सगळी मापे बरोबर असून वस्तू चुकीची असू शकते, हे वाक्य मी त्या दिवशी माझ्या डायरीत लिहून ठेवले.

गाळ्यात तेव्हा आयटीआयमधून आलेली एक मुलगी उमेदवारी करीत होती. मामांनी पुन्हा सारा क्रम केला, दिवा मालवला आणि ठिणगी पाहून म्हणाले, "एकसारखी आहे." मी शेजारीच उभा होतो. ती मुलगी थोडी पुढे झाली, पुन्हा मागे सरली आणि हळूच म्हणाली, "मामा, मला खाली आधी दिसतेय. वरची नंतर येतेय."

"खाली?"

"हो. थोडीशीच."

गाळ्यात कुणी बोलले नाही. सव्वीस वर्षे त्या कामात घालवलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या उमेदवार मुलीने, मालकासमोर आणि एका फादरांसमोर, हे सांगितले होते. रागावण्याचा सर्व अधिकार त्यांच्याकडे होता. ते रागावले असते तर ती मुलगी पुन्हा कधी बोलली नसती आणि तिसरा डायही परत आला असता.

मामांनी दिवा लावला. "आपण भांडायचं कशाला? तुकड्यालाच विचारू," ते म्हणाले. त्यांनी एक लहान चौकोनी तुकडा कापला, सरफेस प्लेटवर काटकोनी आधाराला लावून उभा केला आणि त्याच्या उभ्या अंगावरून डायल खालून वर नेली. काटा हलला. मग त्यांनी तो तुकडा अर्धा फिरवला आणि समोरच्या अंगावरून तीच डायल नेली. काटा तेवढाच हलला, पण उलट दिशेला. तुकडा कललेला होता, आणि त्या मुलीला ठिणगी जिथे आधी दिसली होती त्याच बाजूने. मामांनी चश्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग ते पुतण्याला म्हणाले, "शेठ, वर्षभर झालं, दिव्याभोवती वलय दिसतंय मला. म्हटलं, वय झालं." पुढे जे बोलायचे होते ते त्यांनी बोलून दाखवले नाही, तरी ते सर्वांना ऐकू आले: ज्याचे डोळे गेले त्याला कामावर कोण ठेवील?

तुकडा अर्धा फिरवून तपासण्याची ती रीत मी ओळखली. माझ्या वडिलांचा गुण्या लाकडी होता आणि पावसाळ्यात लाकूड फुगते. दर वर्षी पाऊस सरला की ते सरळ कडेची एक फळी घेत, कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारीत. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारीत. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. नाही बसल्या तर मधे जेवढी फट, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. लहानपणी मला वाटे, गुण्या तपासायला त्याहून चांगला गुण्या लागत असेल. आणि तो तपासायला आणखी चांगला. याला शेवट कुठे? वडिलांच्या त्या दोन रेघांत त्याचे उत्तर होते. साधनाला पालथे करून त्याच्याचकडून पुन्हा तेच काम करून घ्यावे. चूक असेल तर ती दुप्पट होऊन समोर येते. मात्र पालथे करून घ्यायची तयारी हवी. मामांनी त्या दुपारी तुकडा फिरवला तेव्हा ते त्याच्याबरोबर स्वतःलाही फिरवून पाहत होते.

पुतण्याने काय केले ते सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण धंद्यात असे नेहमी घडत नाही. त्याने मामांना काढले नाही. दोन्ही डाय नव्याने करून दिले, त्याचा तोटा सोसला, आणि मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. मोतीबिंदू निघाला. नाताळानंतर एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याची व्हायची आहे. गिऱ्हाईक राहिले, पण पूर्वीइतके काम देत नाही. विश्वास तारेसारखा एका दुपारी पुन्हा उभा करता येत नाही, हेही त्याला समजले आहे.

मध्यंतरी एकाने त्याला सल्ला दिला, "हे जुने धूड विका, आपोआप सरळ होणारे नवे यंत्र घ्या." तो घेईलही, हप्ते फिटले की. पण त्या यंत्राचाही मापाचा ठोकळा कुणीतरी पुसून, खवला काढून, नीट बसवूनच ठेवावा लागतो. धुळीच्या कणावर बसलेल्या ठोकळ्याला ते यंत्र तितक्याच खात्रीने 'सरळ' म्हणेल. यंत्र नवे झाले म्हणून "कशाला सरळ?" हा प्रश्न जुना होत नाही.

आपल्या घराघरांत, संस्थांत आणि धर्मग्रामातही अशी माणसे असतात, ज्यांच्या शब्दावर वर्षानुवर्षे कामे चालतात. त्यांचा अनुभव खरा असतो आणि त्यांच्याविषयीचा आदरही योग्यच असतो. पण गाइड झिजते, टेबलावर चरे पडतात, डोळ्यांवर पडदा येतो. आणि हे सारे इतके हळू घडते की ज्याचे घडते त्याला दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी ते आधी दिसते. बहुधा तो वयाने लहान असतो, पगाराने कमी असतो आणि बोलावे की नाही या विचारात असतो. त्याला बोलता यावे एवढी जागा आपण ठेवली आहे का, हे अधूनमधून पाहायला हवे.

आता त्या यंत्राशेजारी दोरीला बांधलेली एक वही लटकते. तार ज्या दिवशी लावली ती तारीख, कोणत्या उंचीवर लावली ती उंची, यू किती, व्ही किती, गाइड बदलले की नाही, आणि चाचणीच्या तुकड्यावर डायल किती हलली, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात दोन सह्या लागतात. ठिणगी ती मुलगी पाहते, हँडबॉक्सवरची बटणे मामा दाबतात. परवा गेलो तेव्हा मी वही चाळली. एका ओळीत मामांची सही होती आणि दुसरी जागा कोरी होती. विचारले तर ते म्हणाले, "ती आज सुट्टीवर आहे, फादर. म्हणून बारीक काम उद्यावर ठेवलंय."